दाखवा, लपवा

वाईत कुणी कोशाचं काम करतंय म्हटलं तर कुणाला नवल वाटत नाही. नारायणशास्त्री मराठ्यांची प्राज्ञपाठशाळा इथली, धर्मकोशाचे जाडजूड खंड इथले, आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाचा संसार मांडला तोही इथेच. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली आला आणि विसाव्याचा उत्तरार्ध यायला २०१५ उजाडलं. एवढ्या काळात गंगापुरीतल्या त्या कचेरीत गल्लीतलं कुणी ना कुणी नोकरीला असायचंच. त्यामुळे 'नोंद', 'अकारविल्हे', 'मुद्रितं' हे शब्द आमच्याकडे स्वयंपाकघरापर्यंत पोचलेले. तरीही, मी रात्री विकिपीडियाच्या पानांच्या तळाशी बसणाऱ्या चौकटी बनवते असं सांगितलं की माणसं गोंधळतात. लेख लिहितेस? नाही, क्वचित. फोटो चढवतेस? नाही. मग करतेस काय नेमकं?

मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला. त्यावरचं एखादं बऱ्यापैकी भरलेलं पान संगणकावर उघडून शेवटपर्यंत खाली जा. संदर्भांच्या यादीखाली एक फिकट जांभळी पट्टी लागते. मधोमध नाव, कडेला 'दाखवा'. त्यावर टिचकी मारली की पट्टीखाली तक्ता उघडतो: डावीकडे गटांची नावं, उजवीकडे त्या गटातल्या लेखांचे निळे दुवे. 'लपवा' म्हटलं की पुन्हा नुसती पट्टी. याला मार्गक्रमण साचा म्हणतात. आम्ही संपादक आपसात नॅव्हबॉक्सच म्हणतो. साचा एकदा एका ठिकाणी बनवायचा आणि हव्या त्या लेखाच्या तळाशी दुहेरी महिरपी कंसात त्याचं नाव लिहायचं. साच्यात एक नाव दुरुस्त केलं की ते सगळ्या पानांवर दुरुस्त होतं, कधी लगेच, कधी सर्व्हरला सवड मिळेल तेव्हा.

माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, गणेश मंडळांच्या पावत्या, यात्रेचे फ्लेक्स. दिवसभर श्रीलिपीत टाइप करायचं आणि रात्री युनिकोडमध्ये, असा माझा दुहेरी कीबोर्ड. विकीवर आले ती एका कार्यशाळेमुळे, मराठी भाषा गौरव दिनाच्या निमित्तानं एका महाविद्यालयात भरलेल्या. बाकीच्यांनी लेखाचे परिच्छेद लिहायला घेतले. माझी नजर तळाच्या तक्त्यावर गेली, कारण त्यातला एक कॉलम कारण नसताना रुंद होता. सवयीचा दोष.

लग्नपत्रिका लावणाऱ्याला हे काम वेगळं सांगावं लागत नाही. निमंत्रकांच्या यादीत कुणाचं नाव आधी, कुणाचं कुणाच्या शेजारी, मामांना वेगळी ओळ की सगळ्यांत मिसळायचं, यावरून दुकानात आवाज चढलेले मी पाहिलेत. तक्त्यातही तेच असतं. फरक एवढाच की इथे नदी, किल्ले आणि गावं भांडायला येत नाहीत, त्यांच्या वतीनं संपादक येतात.

सुरुवात मी गावांपासून केली, वाई तालुक्यातली गावं. शंभराच्या वर नावं. बहुतेक गावांची पानं चार-पाच ओळींची: गाव अमुक तालुक्यात, अमुक जिल्ह्यात, पावसाळ्यात हवा दमट. ती सगळी नावं अकारविल्हे एका तक्त्यात घातली तर काय दिसतं? निळी भिंत. वाचकाचा डोळा तिच्यावर आदळून परत येतो. इथेच संपादकाला मोह होतो: राहू दे भिंत, मिटवून टाकू. पट्टी तेवढी दिसेल, ज्याला हवं तो उघडेल.

माझं या बाबतीतलं मत एव्हाना पक्कं झालंय आणि त्यावरून माझे विकीवर मतभेदही आहेत. मिटवायची सोय आहे म्हणून साचा फुगवू नये. मिटलेली पट्टी फार थोडे लोक उघडतात, आणि उघडल्यावर समोर भिंत आली तर ते दुसऱ्यांदा कुठलीच पट्टी उघडत नाहीत. पसारा कपाटात कोंबून दार लावायचं काम साच्याकडून घेतलं की साचा संपला.

म्हणून गावांचा साचा मी फोडला. महसूल मंडळांनुसार फोडता आला असता, तसा कागदोपत्री आधारही मिळाला असता. पण मेणवलीच्या पानावर आलेला माणूस मंडळ अधिकाऱ्याच्या सोयीनं हिंडत नाही. तो नाना फडणविसांचा वाडा आणि घाट बघायला आलेला असतो. त्याला वर धोम हवं असतं, नरसिंहाचं देऊळ आणि धरण हवं असतं. म्हणून एक गट धोम धरणाच्या वरच्या अंगाचा, ज्याला आम्ही जोर-जांभळी खोरं म्हणतो. एक गट वाईच्या आसपासच्या गावांचा: मेणवली, पसरणी, बावधन, ओझर्डे. तिसरा महामार्गाच्या बाजूचा: भुईंज, पाचवड, सुरूर, वेळे, कवठे. मांढरदेव डोंगरावर वेगळं पडलं, त्याला त्या बाजूच्या गावांबरोबर बसवलं. गट पडले तशी भिंतीची खोली झाली, आत शिरता येऊ लागलं. एका संपादकानं विचारलं, या विभागणीला संदर्भ काय? विचारणं रास्तच होतं. मी नद्यांची खोरी आणि रस्ते दाखवणारा नकाशा पुढे केला. पण खरं सांगायचं तर त्यात माझा स्वतःचा निवाडा होता, आणि तो असल्याशिवाय असा तक्ता बनत नाही.

आता मिटण्या-उघडण्याचं तंत्र. साच्याच्या मजकुरात 'स्टेट' नावाची एक ओळ असते. तिथे मुख्यतः तीन गोष्टी लिहिता येतात: कायम उघडा, कायम मिटलेला, किंवा तिसरी, 'ऑटोकोलॅप्स', म्हणजे परिस्थिती बघून. ही तिसरी मला फार आवडते आणि फार छळते. पानावर एकच साचा असेल तर तो उघडा राहतो. दोन किंवा जास्त झाले की सगळे मिटतात. म्हणजे पांडवगडाच्या पानावर मी किल्ल्यांचा साचा बसवला, तो छान उघडा दिसला, आणि पुढच्या आठवड्यात कुणीतरी सद्भावनेनं वाई तालुक्याचा साचा त्याच्याखाली ठेवला की माझा आपोआप मिटला. साचा बनवणाऱ्याच्या हातात सगळं नाही. शेजारी कोण येऊन बसतं त्यावर तुमचं दार उघडं की बंद ते ठरतं. एखाद्या पानापुरतं 'इथे उघडाच राहा' असं सांगता येतं, पण त्यासाठी साच्यात तशी वाट आधीच ठेवावी लागते. बरेच जण ठेवत नाहीत. आणि ज्याच्या ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट चालत नाही त्याला सगळे साचे उघडेच दिसतात. भिंत बनवून मिटवणाऱ्यांनी हे एकदा बघावं.

किल्ल्यांच्या साच्यात मात्र मी रमले. सातारा जिल्ह्यात तालुके अकरा आणि किल्ले भरपूर: अजिंक्यतारा, सज्जनगड, प्रतापगड ही सगळ्यांच्या तोंडची नावं, मग वासोटा, मकरंदगड, कमळगड, पांडवगड, वैराटगड, केंजळगड, चंदन आणि वंदन, कल्याणगड, वर्धनगड, महिमानगड, वारुगड, संतोषगड, भूषणगड, वसंतगड, सदाशिवगड, दातेगड, गुणवंतगड. पहिला विचार कुणालाही येईल तो: तालुकावार गट करा. मीही कच्चा आराखडा तसाच लिहून झलक पाहिली. झलकेत तो टापटीप दिसत होता, पण भौगोलिकदृष्ट्या तो टिकणारा नव्हता. किल्ला असतो डोंगराच्या धारेवर, आणि तालुक्याची हद्दही धारेवरूनच जाते. केंजळगड वाई आणि भोरच्या सीमेवर, म्हणजे नुसता तालुका नव्हे, जिल्हाच बदलतो. वर्धनगड कोरेगाव आणि खटावच्या मधे. चंदन-वंदनचीही तीच गत. तालुकावार केलं तर प्रत्येक दुसरा किल्ला दोन गटांत टाकावा लागतो, आणि एकच दुवा दोनदा दिला की वाचकाला वाटतं किल्ले दोन आहेत.

प्रकारावरून गट करावेत तर जवळपास सगळेच गिरिदुर्ग. एका गटात वीस आणि दुसऱ्यात एक असा तक्ता हास्यास्पद दिसतो. बांधणीच्या काळावरून करावेत तर बहुतेकांच्या बाबतीत 'भोज राजानं बांधला असं म्हणतात' यापलीकडे भक्कम काही हाती लागत नाही, आणि शिलाहार, आदिलशाही, शिवकाल अशा तीन-तीन राजवटी एकाच तटबंदीत नांदत असतात.

या गुंत्यात मी शेजारच्या काकांकडे गेले. काका विश्वकोशात बरीच वर्षं मुद्रितं तपासायला होते. विकिपीडियाबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नाही ('कुणीही लिहावं आणि कुणीही पुसावं'), पण तक्ता म्हटलं की चष्मा पुसून बसतात. मी त्यांना पडद्यावर झलक दाखवली. त्यांनी उठून विश्वकोशाचा एक खंड आणला, मधेच उघडला आणि नोंदीच्या मजकुरात शब्दाआधी दिलेला बारीक बाण दाखवला. ज्या शब्दाला स्वतःची वेगळी नोंद आहे त्याच्याकडे जाणारा बाण. नोंदीच्या शेवटी 'पहा' आणि त्यापुढे संबंधित नोंदींची नावं.

"हे तुझं तेच आहे," काका म्हणाले. "आमच्या वाचकाला बाणामागे जायचं तर उठून दुसरा खंड काढावा लागायचा. म्हणून आम्ही 'पहा' फुकाफुकी लावत नसू. लावण्याआधी विचार एकच. हे वाचून झाल्यावर माणूस खरंच उठेल का?"

मी म्हटलं, "काका, आता उठावं लागत नाही. नुसती टिचकी."

"मग तर जास्त जपायला हवं. फुकट आहे म्हणून तू त्याला वीस ठिकाणी धाडशील."

काकांचं आणखी एक बोलणं मला उपयोगी पडलं. छापील कोशात आजचा बाण उद्याच्या खंडाकडे असायचा. १९७६ सालच्या वाचकाला पहिल्या खंडातून 'सातारा' या नोंदीकडे जायचं म्हटलं तर अकारविल्हेत 'स' येईपर्यंत तीस वर्षांहून जास्त थांबावं लागलं असतं. आमच्याकडचे लाल दुवे, म्हणजे ज्या लेखाचं पान अजून नाही त्याच्याकडे जाणारे, ते याच जातीचे. फक्त इथे तो लेख लिहायला तर्कतीर्थांची नेमणूक लागत नाही. ज्याला लाल रंग खुपला त्यानं बसावं आणि लिहावं.

शेवटी किल्ल्यांचे गट मी पायथ्यावरून केले. चढायला माणूस जिकडून सुरुवात करतो तो प्रदेश. वाई-महाबळेश्वर, सातारा-जावळी, कोरेगाव, माण-खटाव-फलटण, कराड-पाटण. वासोट्याला बामणोलीहून शिवसागर ओलांडून लाँचनं जातात, म्हणून तो जावळीच्या बाजूला. महिमानगड, वारुगड, संतोषगड हे शंभू महादेवाच्या रांगेतले एकमेकांच्या सोबतीला राहिले याचा मला विशेष आनंद झाला. तालुकावार तक्त्यात संतोषगड फलटणला जाऊन एकटा पडत होता. केंजळगड वाईच्या गटात ठेवला आणि पुणे जिल्ह्याच्या साच्यातही तो असू दे म्हटलं. एका लेखाला दोन साच्यांत जागा असायला हरकत नाही. एकाच साच्यात दोन जागा नकोत.

रंगावरून मात्र बरीच ओढाताण झाली. किल्ल्यांचा साचा म्हटला की कुणीतरी शीर्षकाची पट्टी भगवी करतं. भावना समजते, पण भगव्यावर विकीचा निळा दुवा ठेवला की तो वाचता येत नाही. दुकानात फ्लेक्स करताना हेच मी गिऱ्हाइकांना सांगून थकते. निळ्या अक्षरांखाली फिकट रंगच हवा. मूळचा फिकट जांभळा कुणाच्या अभिमानाचा नाही, आणि म्हणूनच बरा.

अक्षरांचंही असंच. साच्यातली अक्षरं मजकुरापेक्षा थोडी लहान ठेवलेली असतात, शंभराला अठ्ठ्याऐंशी या प्रमाणात. इंग्रजीला ते चालून जातं. आपल्याकडे वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. ओळींमधलं अंतर तेवढंच राहिलं तर वरच्या ओळीतला ऊकार खालच्या ओळीच्या मात्रेला लागतो. 'दुर्गंधी' हा शब्द अशा तक्त्यात टाकून बघावा. दुसरी अडचण ओळ तुटण्याची. कृष्णाकाठच्या ठिकाणांच्या ओळीत 'नरसोबाची' हा शब्द उजव्या कडेला येऊन थांबला आणि 'वाडी' खालच्या ओळीच्या सुरुवातीला गेली. वाचणाऱ्याला वाटावं, नरसोबाची नावाचं एक गाव आणि वाडी नावाचं दुसरं. अशा जोडनावांना ओळ तुटू नये अशी खूण घालावी लागते. नावांच्या मधले ठिपके तर हातानं टाइप करूच नयेत. प्रत्येक नाव तारांकित ओळीवर वेगळं लिहायचं. ठिपके आपोआप येतात. हातानं ठिपके टाकणाऱ्या जुन्या साच्यांबद्दल मला एका दृष्टिहीन वाचकानं सांगितलं: त्यांचं पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर प्रत्येक नावानंतर ठिपकाही उच्चारतं, आणि ही यादी आहे, तिच्यात इतकी नावं आहेत, हे मात्र सांगत नाही. नीट यादी केली की ते आधी संख्या सांगतं, मग ऐकणारा ठरवतो ऐकायचं की पुढे जायचं. त्याच्यासाठी तेच 'दाखवा' आणि 'लपवा'.

अकारविल्हे लावायलाही संगणकावर विसंबून चालत नाही. शाळेतल्या मुळाक्षरांत ळ, क्ष, ज्ञ शेवटी. युनिकोडमध्ये ळ बसलाय ल आणि व यांच्या मधे, क्ष गेला क च्या घरात आणि ज्ञ ज च्या. लहान गटात मी हातानंच क्रम लावते. नदीच्या बाबतीत तर अकारविल्हे हवंच कशाला? उगमाकडून मुखाकडे हा क्रम नदीनं स्वतःच लावून दिलेला असतो.

कृष्णेचा साचा ही माझी सगळ्यांत लांबलेली गोष्ट. वेण्णा माहुलीला मिळते, कोयना कराडला प्रीतिसंगमावर, मग येरळा, हरिपूरला वारणा, नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. इथपर्यंत घरचं. पुढे कर्नाटकात घटप्रभा, मलप्रभा, मग भीमा, तुंगभद्रा, खाली मुसी. भीमेपाशी साचा अडतो, कारण भीमेला स्वतःचा गोतावळा आहे: इंद्रायणी, मुळा-मुठा, नीरा, माण, सीना. त्या सगळ्या तांत्रिकदृष्ट्या कृष्णेच्या खोऱ्यातल्याच. त्या घालाव्यात तर इंद्रायणीच्या पानावरून वाचक विजयवाड्याला पोचणार; काकांच्या भाषेत, यासाठी कुणी उठेल का? मी भीमेचं एकच नाव ठेवलं आणि तिचा साचा वेगळा केला.

या साच्यात मी गट स्वतंत्रपणे मिटणारे ठेवले: उपनद्या, धरणं, काठावरची गावं, संगम व तीर्थं. लेखाच्या पानावर लिहून ठेवता येतं की इथे अमुक गट उघडा असू दे. वाईच्या पानावर काठावरची गावं उघडी, कोयनेच्या पानावर उपनद्या. सांगलीच्या पानावर मी तोच नियम लावून गावं उघडी ठेवली होती. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर सांगलीकडच्या एका संपादकानं ते बदललं आणि तिथे धरणं उघडी केली. त्यांचं म्हणणं सरळ होतं. सांगलीचा माणूस पावसाळ्यात कृष्णेचं पान उघडतो तो औदुंबर कुठे आहे बघायला नाही. त्याला कोयनेतून किती सोडलं आणि अलमट्टीला किती धरून ठेवलंय हे हवं असतं. रोजचे आकडे विकीवर मिळणार नाहीत, पण धरण कुठे, केवढं, पाण्याची पातळी कुठपर्यंत चढवायची परवानगी आहे, हे मिळतं. मला ते पटलं. वाईला कृष्णा उत्सवाची, सांगलीला पातळीची. एकाच नदीचा एकच साचा, पण कुठल्या गावातून उघडता त्यावर त्याचा कुठला कप्पा आधी उघडायचा ते ठरतं.

साच्याचा एक मोठा उणेपणा इथे लक्षात येतो. त्यात सगळं एका मापाचं असतं. धोमची साठवण साडेतेरा टीएमसी आणि कोयनेची एकशे पाच. तक्त्यात दोघांनाही तेवढाच टाइप, तेवढाच निळा रंग, मधे एक ठिपका. आकारानुसार अक्षरं लहानमोठी करावीत असं एकानं सुचवलं होतं. ते नको. मग पत्रिकेतल्या मामांचा प्रश्न पुन्हा येतो.

आणखी एक बाजू, जी संपादकांनाच जाणवते. प्रत्येक लेखाला 'येथे काय जोडले आहे' असं एक पान असतं. कुठकुठल्या लेखांनी याचा उल्लेख केलाय त्याची यादी. वैराटगडाचं ते पान उघडलं तर पूर्वी दोन-चार लेख दिसत, आणि ते खरोखर वैराटगडाबद्दल काही सांगणारे असत. साचा बसवल्यावर जिल्ह्यातला प्रत्येक किल्ला त्या यादीत येऊन उभा राहिला. खरा उल्लेख त्या गर्दीत शोधावा लागतो. साचा लहान ठेवायचं हे माझ्या दृष्टीनं दुसरं कारण. पहिलं वाचकाच्या डोळ्याचं, हे लिहिणाऱ्याच्या सोयीचं.

माझा भाचा पुण्याला शिकतो. मी कौतुकानं त्याला किल्ल्यांच्या साच्याबद्दल सांगितलं, त्यानं तिथल्या तिथे फोनवर पान उघडलं, खाली-खाली सरकवत नेलं आणि म्हणाला, "मावशी, इथे तर काहीच नाही."

"पट्टी असेल बघ. मिटलेली असेल."

"पट्टीपण नाही. संदर्भ झाले की संपलं."

खरंच नव्हती. मोबाइलच्या पानावर हे साचे दाखवलेच जात नाहीत. मिटवून नव्हे, मुळातच वगळून. रुंद तक्ता छोट्या पडद्यावर मावत नाही आणि पान जड होतं, म्हणून विकीनं ती कटकटच ठेवली नाही. पानाच्या अगदी तळाशी 'डेस्कटॉप' असा बारीक दुवा असतो, तो दाबला तर दिसतात. भाच्याला तो दुवा आजवर दिसला नव्हता, आणि त्याच्या वयाची मुलं विकिपीडिया वाचतात ती फोनवरच.

म्हणजे ज्यांच्यासाठी गट पाडले, ओळी तुटू दिल्या नाहीत, रंग सांभाळले, त्यांतल्या पुष्कळांच्या समोर ते जातच नाहीत. तेव्हापासून कामाचा क्रम बदलला. आता आधी लेखाच्या मजकुरात दुवे आहेत का ते बघते. पांडवगडाच्या लेखात 'माथ्यावरून कमळगड, केंजळगड आणि धोमचा जलाशय दिसतो' असं एक वाक्य, अर्थात संदर्भासह, असेल तर फोनवरचा वाचकही पुढे जाऊ शकतो. काकांचा तो मजकुरातला बाण, तोच. साच्याचं काम त्यानंतर. कधीकधी असंही होतं की मजकुरात असे दुवे घालता-घालता कळतं, साच्यातल्या अर्ध्या नावांबद्दल लेखात सांगण्यासारखं एक वाक्यही नाही. ती नावं साच्यातून मी काढते.

साचे सोडले मात्र नाहीत. एक तर संगणकावर वाचणारे अजून आहेत. शिक्षक आहेत, ग्रंथालयात बसून टिपणं काढणारे आहेत. दुसरं म्हणजे तक्ता केल्याशिवाय काय नाही ते दिसत नाही. लेख सुटे असतात तोवर सगळं भरल्यासारखं वाटतं. तक्ता मांडला की लाल दुवे उठून दिसतात.

सध्या वाईच्या घाटांचा साचा अर्धवट करून ठेवलाय. भीमकुंड आळी, मधली आळी, धर्मपुरी, गणपती आळी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी, गंगापुरी. सात नावं, एका ओळीत मावणारी, मिटवायची गरजच नाही. क्रमावर अजून निर्णय नाही: नदीच्या ओघानं लावायचे की कृष्णाबाईचा उत्सव ज्या क्रमानं एका घाटावरून दुसऱ्या घाटावर होतो त्या क्रमानं? बाहेरच्या वाचकाला पहिला सोपा, वाईकराला दुसराच खरा. पण त्याआधी लेख हवेत. गणपती घाटावर ढोल्या गणपतीमुळे लिहायला पुष्कळ मिळतं. बाकीच्या घाटांचं तसं नाही. सातातले निम्म्याहून जास्त दुवे लाल असताना साचा प्रकाशित करायचा नाही हा माझा नियम, तो मी घरच्या घाटांसाठीही मोडणार नाही.

हे मी काकांना सांगितलं तर ते विकिपीडियाबद्दल नेहमीचं वाक्य बोलले आणि आत गेले. चार दिवसांनी दुकानात आले ते फुलस्केपचे कागद घेऊनच. धर्मपुरी घाट, शाईच्या पेनानं, समासात संदर्भांचे आकडे, आणि दोन ठिकाणी शब्दाआधी हातानं काढलेला बाण. टाइप मला करायचंय; पतसंस्थेचा अहवाल छपाईला गेला की लगेच बसते.